सुळे दिसले म्हणून मांसाहारी?

एक चित्र फिरतंय. ठेंगणा, चोचीचा प्राणी, दोन सुळे बाहेर आलेले, पायाखाली हिरवंगार गवत. खाली मजकूर: ‘हा डायनासोर आपला पूर्वज. सुळे असतात ते मांस फाडायलाच. पाला खाणं ही दुबळ्या जिवांनी नंतर काढलेली पळवाट.’ चित्रातला प्राणी लिस्ट्रोसॉरस आहे, एक नामशेष पालाखाऊ, आणि मजकुरातलं जवळजवळ एकही विधान त्याला लागू पडत नाही.

डायनासोर? नाही. लिस्ट्रोसॉरस सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. डायनासोरांचे सर्वांत जुने खात्रीशीर जीवाश्म सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीचे. लिस्ट्रोसॉरसच्या कवटीत डोळ्यामागे एकच भोक आहे, डायनासोरांना दोन असतात. ते एक भोक सस्तन प्राण्यांच्या घराण्याची खूण. पण म्हणून तो पूर्वजही ठरत नाही. त्याचा डायसिनोडॉन्ट गट म्हणजे आपली चुलत शाखा, आणि ती निर्वंश झाली. आपण सायनोडॉन्टांच्या, म्हणजे ज्यांच्यातून सस्तन प्राणी आले त्या शाखेतले.

आता सुळे. १८४५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या जीवाश्मांना डायसिनोडॉन हे नाव दिलं, अर्थ ‘दोन श्वानदंतवाला’; गटाचं नाव त्यावरूनच. नावात कुत्रा आला, पण तोंडात कुत्र्यासारखं काही नाही. लिस्ट्रोसॉरसच्या तोंडात ते दोन सुळे सोडले तर एकही दात नाही. पुढे कासवासारखी शिंगमय चोच, आणि खालचा जबडा मागे सरकू शकेल असा सांधा. चोचीत धरायचं, जबडा मागे ओढत कापायचं: हे पाला चिरायचं यंत्र आहे, मांस फाडायचं नव्हे. आणि सुळ्यांवरूनच आहार ठरवायचा असेल, तर हत्ती आणि कस्तुरीमृग यांना कुठे बसवणार? ब्राझीलमधून २०११ मध्ये वर्णन झालेल्या टियाराजुडेन्सचे, म्हणजे डायसिनोडॉन्टांच्या एका जुन्या नातेवाइकाचे, सुळे तर कट्यारीसारखे होते, आणि टाळूवर वनस्पती दळायचे दात!

‘नंतर’ या शब्दात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करू. अमेरिकेतल्या कॅन्ससमधला, सस्तनांच्याच घराण्यातला, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा इओकेसिया चिमुकला होता आणि पाला खात नव्हता. पण त्याच्याच घराण्यात पुढे शेकडो किलोंचा, पिंपासारख्या धडाचा आणि एवढ्याशा डोक्याचा कोटिलोरिंकस झाला. धड एवढं का, ते आतड्यात शोधावं. पाल्यातलं चिवट सेल्युलोज पचवायला कणा असलेल्या प्राण्यांना पोटातल्या सूक्ष्मजीवांची मदत लागते, आणि पाला आंबवायला जागा व वेळ दोन्ही हवेत. दुबळेपणाचं म्हणाल तर पोलंडमधला लिसोविसिया हाही डायसिनोडॉन्टच, आणि तो हत्तीएवढा होता. पाला खाण्याची कला वेगवेगळ्या घराण्यांनी स्वतंत्रपणे अनेकदा साधली. पळवाट इतक्यांदा कोणी काढत नाही.

उरलं पायाखालचं गवत. गवताच्या जुन्या पुराव्यांपैकी एक चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या जीवाश्म विष्ठेतला आहे, तो डायनासोरांच्या अखेरच्या काळातला, सुमारे ६.५ ते ७ कोटी वर्षांपूर्वीचा. याहून जुने पुरावेही डायनासोरांच्याच काळातले, आणि लिस्ट्रोसॉरस त्या सगळ्यांच्या कितीतरी आधी होऊन गेला. त्याच्या भोवती नेचे आणि अश्वपुच्छासारख्या वनस्पती होत्या. म्हणजे ज्याला आपण शाळेत बिनदिक्कत ‘तृणभक्षी’ म्हटलं असतं, त्याने तृण पाहिलंही नव्हतं.