डिस्कस आणि आमचं बोअरचं पाणी
‘डिस्कस मासा हळूहळू कुठल्याही पाण्यात रुळतो’ हे म्हणणं अजिबात पटलं नाही. जुळे सोलापुरात आमच्या बोअरचं पाणी असं जड, म्हणजे क्षारांचं, की गिझरच्या कॉइलवर वर्षभरात पांढरा थर. त्यातच हौसेनं चार डिस्कस सोडले. अ‍ॅमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला मासा तो; आठवड्यात काळवंडले, खाणं सुटलं. पाणी मऊ करायला आरओ फिल्टरचं पाणी मिसळायचं तर एका बादलीमागे दोन-तीन बादल्या मोरीत, तेही रोज नळ न येणाऱ्या गावात!

मग आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड मासे आणले. त्यांना ७.८ ते ८.६ पीएचचं, म्हणजे अल्कधर्मी, जड पाणीच लागतं. तीन वर्षं झाली, पिल्लंही झाली. फक्त एप्रिल-मेमध्ये पाणी फार तापू नये म्हणून माशांच्या टाकीवर पंखा लावावा लागतो. (डिस्कसला ऊब आवडते, तेवढं एक आपल्याकडे फुकट मिळालं असतं.)