‘आज नाही’ म्हणणारं हॉटेल नागपुरात चाललं पाहिजे

नागपुरात बाहेर जेवायला जायचं म्हणजे सावजी, नाहीतर पनीरच्या चार भाज्या आणि बटर नान, असं कित्येक वर्षं चालत आलंय. गोळाभात, वडाभात, पाटवडीचा रस्सा हे घरचं. त्यासाठी पैसे मोजायचे, हे आपल्याला पटतच नाही. धरमपेठेकडे आता एक लहानसं हॉटेल सुरू झालंय. तिथं हेच मिळतं, आणि माल होईल तितका विदर्भातलाच. मागच्या आठवड्यात सासूबाईंना घेऊन गेले होते.

गोळाभात मागवला. हरभऱ्याच्या डाळीच्या भरड्यात मोहन, तिखट, हिंग घालून वळलेले गोळे भातातच वाफवलेले, वरून लाल मिरचीची कडकडीत फोडणी, बाजूला चिंचेचं सार. सासूबाईंनी पहिला गोळा बोटांनी फोडून पाहिला. आत कोरडा निघाला असता तर त्या तिथंच बोलल्या असत्या. बोलल्या नाहीत, फोडणीचं तेल आणखी मागून घेतलं. तांदूळ एचएमटी. चंद्रपूरकडच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या शेतात लोंब्या निवडून-निवडून हे वाण काढलं. २०१८ मध्ये ते गेले. आपल्या घरोघरी तो तांदूळ शिजतो, पण हॉटेलच्या फळ्यावर त्यांचं नाव मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि फार बरं वाटलं.

शेजारच्या टेबलावरच्या काकांना मात्र वांग्याचं भरीतच हवं होतं. वाढणारा मुलगा म्हणाला, “काका, भरताची वांगी हिवाळ्यात येतात. आज काटवल आहे, ते घ्या.” काका चिडले, हॉटेल उघडून बसलात कशाला, म्हणाले. मला तो मुलगाच बरोबर वाटला. तुरीचे सोले थंडीत, काटवल पावसात, मोहाची फुलं उन्हाळ्याच्या तोंडावर, हे आपल्या आजीला सांगावं लागत नव्हतं. बारा महिने सगळंच हवं असेल तर ते लांबून ट्रकने येणार आणि शीतगृहातून निघणार, मग फळ्यावर ‘स्थानिक’ लिहिण्यात काय अर्थ? मालकाने खोटं न बोलता “आज नाही” सांगावं आणि आपण ते मुकाट ऐकावं, इतकं तरी जमायला हवं.

भावाचंही तेच. ज्वारीची भाकर महाग आहे, अशी तक्रार कानावर येते. तीच माणसं पास्त्याचं बिल काही न बोलता देतात! आपल्याकडे सोयाबीन आलं आणि ज्वारीचा पेरा घटत गेला. ज्वारी राखायची म्हणजे पाखरं हाकायला शेतात उभं राहावं लागतं. इथं आत एक बाई एकेक भाकर हातानं थापत होती. मिरची भिवापूरची, हळद समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. या सगळ्याला पैसे लागतातच, आणि ते द्यावेत असं मला मनापासून वाटतं.

सगळंच आवडलं असं नाही. पाटवडीचा रस्सा पातळ होता, सांबार, म्हणजे कोथिंबीर, वरून भुरभुरवला तेवढाच. पाणी माठातलं ठेवलंय, पण पार्सल मात्र प्लास्टिकच्या डब्यात देतात, तिथं पळसाच्या पानांचे द्रोण सहज चालतील. आणि मासे का नाहीत? भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर ढीवर समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतोय. समुद्रापासून इतक्या लांबच्या आपल्या गावात सुरमई सगळीकडे मिळते, आणि आपल्याच तलावातल्या मरळसाठी बाजार धुंडाळावा लागतो.

मालकांना मी हे निघताना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. फळ्यावर गावांची नावं लिहिता, तसा शेतकऱ्याला दिलेला भावही लिहा, असंही म्हटलं. त्यावर ते विचार करतो म्हणाले. दिवाळीनंतर सोल्यांची आमटी सुरू झाली की पुन्हा जाणार आहे, तेव्हा विचारेन.