‘ज्यूंना चित्रं वर्ज्य’ म्हणे!

एक मजकूर बरेच दिवस या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय. सार असं: दहा आज्ञांपैकी दुसऱ्या आज्ञेने ज्यूंना चित्रं बंद केली, म्हणून त्यांच्यात चित्रकला रुजलीच नाही. मध्ययुगातल्या एका पोथीत माणसांना पक्ष्यांची तोंडं काढावी लागली, हा पुरावा. जी थोडीफार चित्रं सापडतात ती ख्रिश्चनांची उचल. त्यांचं स्वतःचं चिन्ह एकच, सहा टोकांचा तारा. तो मात्र दावीद राजाच्या ढालीवरचा, तीन हजार वर्षांचा.

ताऱ्याचं आधी उरकतो, कारण त्यात फार दम नाही. ज्यूंचं जुनं चिन्ह म्हणजे मेनोरा, सात फांद्यांची समई. इसवी सनापूर्वी ४०च्या सुमारास मत्तथिया अँटिगोनस या हस्मोनी घराण्यातल्या ज्यू राजाने ती नाण्यावर घेतली. रोममधल्या टायटसच्या कमानीवर जेरुसलेमची लूट कोरली आहे, तिच्यातही सैनिकांच्या खांद्यावर हीच समई दिसते. षट्कोनी तारा गालीलातल्या कफर्णहूमच्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, दगडांवर आहे, पण पाच टोकांच्या ताऱ्याशेजारी, निव्वळ नक्षी म्हणून. तो समाजाची खूण बनला मध्ययुगाच्या उत्तरार्धात प्रागकडे, आणि १८९७ला स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या झायोनिस्ट काँग्रेसनंतर (ज्यूंच्या स्वतःच्या भूमीसाठीची चळवळ) जगभर झाला. षट्कोन आपल्या यंत्रांतही आहे, हुमायूनच्या कबरीवरही आहे. तिथून ‘प्राचीन ज्यू संबंध’ शोधणारे वेगळे. त्यांच्या नादी लागत नाही.

आता ती आज्ञा. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात कोरीव मूर्ती करू नको असं आहे, हे खरंच. पण त्याला लागूनच ‘त्यांच्या पाया पडू नको’ हेही आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याचं वाचन तिथवर पोचलेलं दिसत नाही. पाच अध्याय पुढे गेलं की तोच देव कराराच्या कोशावर, म्हणजे आज्ञांच्या पाट्या ठेवायच्या पेटीवर, सोन्याचे दोन पंखवाले करूब (देवदूतांसारखे) घडवायला सांगतो. शलमोनाच्या मंदिरातला पितळी हौद बारा बैलांच्या पाठीवर होता. मोशेने पितळेचा साप करून खांबावर लावला, तेव्हा कुणाची हरकत नव्हती. पुढे लोक त्याच्यासमोर धूप जाळायला लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला.

मिश्नात, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, एक फर्मास किस्सा आहे. रब्बान गमलिएल अक्को शहरात ऍफ्रोडायटी या ग्रीक देवीच्या हमामात अंघोळ करत होते. प्रोक्लोस नावाच्या माणसाने त्यांना टोकलं, की मूर्तीच्या जागेत तुम्ही कसे? बाहेर आल्यावर त्यांनी उत्तर दिलं: मी तिच्या हद्दीत गेलो नाही, ती माझ्या हद्दीत आली. हमाम काही ऍफ्रोडायटीची शोभा म्हणून बांधत नाहीत. तिलाच हमामाची शोभा म्हणून बसवतात.

पण शास्त्रार्थ किती करायचा? सरळ सिरियातल्या दुरा-युरोपोसला जाऊ. युफ्रेटीसच्या काठावरच्या या गावातलं सिनेगॉग इ.स. २४४-४५मध्ये नव्याने सजवलं गेलं. छताच्या कौलांवर तसा लेखच आहे. दहाएक वर्षांत इराणच्या सासानी राजांची फौज चालून आली. गावकऱ्यांनी तटाला बळकटी म्हणून शेजारच्या इमारतींत माती भरली, त्यात हे सिनेगॉगही गाडलं गेलं, आणि म्हणूनच भिंती वाचल्या. १९३२ला माती काढली तर चारही भिंतींवर माणसंच माणसं! फारोची मुलगी नाईलच्या पाण्यात उभी राहून बाळ मोशेला उचलतेय. एस्तेर राणीच्या गोष्टीतला मर्दखय पांढऱ्या घोड्यावर, इराणी पोशाखात. यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेल्या दरीत सुकलेली हाडं उठताहेत, आणि वरून देवाचा नुसता हात खाली आलाय.

तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, ठेवायच्या कोनाड्यावर अब्राहामाचा मुलगा इसहाक याच्या बळीचा प्रसंग आहे. तिथे नीट पाहा. अब्राहाम पाठमोरा, वेदीवरचा मुलगा पाठमोरा, मागे तंबूच्या दारातली आकृतीही पाठमोरी. एकाचाही चेहरा दिसत नाही. म्हणजे संकोच होता, पण तो एका जागेपुरता. बाकीच्या भिंतीवर चेहऱ्यांचा सुकाळ आहे.

इस्रायलमधल्या बेथ अल्फाच्या सिनेगॉगची जमीन तर आणखी मोकळी. १९२८च्या शेवटी किबुत्झमधले (सामूहिक शेतवस्तीतले) लोक पाण्याचा पाट खणत होते, तेव्हा सहाव्या शतकातलं हे मोझेक हाती लागलं: मधोमध चार घोड्यांच्या रथातला सूर्य, भोवती बारा राशी, आणि दाराशी कारागिरांची नावं, मारियानोस आणि त्याचा मुलगा हनिना. सिनेगॉगच्या जमिनीवर सूर्यदेवासारखा दिसणारा सूर्य! आपल्याला त्याचं नवल वाटतं. तिथे रोज येणाऱ्यांना बहुधा वाटत नव्हतं.

आता चोची. ती पोथी म्हणजे हागादा, वल्हांडणाच्या (इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या) रात्री वाचायचं पुस्तक. १३००च्या सुमारास दक्षिण जर्मनीत केलेली ही प्रत आज जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे. टोकदार ज्यू टोप्या घातलेली चोचवाली माणसं तिच्यात मात्झा, म्हणजे बिनखमिराच्या भाकऱ्या, भाजताहेत, जेवताहेत. चेहरा टाळायचा म्हणून चोच, हे स्पष्टीकरण जुनं आहे आणि अगदीच पोकळ नाही. त्या काळी जर्मनीत कडक मतं होतीच. रोथेनबुर्गच्या रब्बी मेईरनी प्रार्थनेच्या पोथ्यांतल्या पशुपक्ष्यांबद्दल नाराजी लिहून ठेवली आहे. पण त्यांची तक्रार एवढीच, की प्रार्थनेत लक्ष लागत नाही. बंदीचा प्रश्न येत नाही, असं तेच सांगतात. शिवाय या माणसांना कानही आहेत, पशूसारखे टोकदार. म्हणून एका अभ्यासकाने यात पक्षी न पाहता सिंह-गरुडाचा संकर पाहिला, म्हणजे ज्यूंच्या यहूदा वंशाचं चिन्ह असलेल्या सिंहाचा मान. मला हे पटतं. आणि पुढच्याच अर्धशतकात स्पेनमध्ये झालेल्या हागादांत, सोनेरी पार्श्वभूमीच्या ‘गोल्डन’मध्ये आणि सारायेव्होच्या प्रतीत, सगळ्यांना माणसांचेच चेहरे आहेत. एका प्रतीवरून अख्ख्या जमातीची कला ठरवायची का?

उरली उचल. गोल्डन हागादाची घडण गॉथिक आहे, शेजारच्या ख्रिश्चन कारखान्यांसारखी. हे कबूल. पण तिच्यात निम्रोद अब्राहामाला आगीत टाकतो, आणि हा प्रसंग बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात नाहीच. तो मिद्राशातला, म्हणजे रब्बींच्या कथांतला. रंग शेजाऱ्याचे असतील, गोष्ट घरची आहे. शिवाय बायबलच्या चित्रांच्या जुन्यात जुन्या ख्रिश्चन पोथ्या दुराच्या भिंतींनंतरच्या आहेत, म्हणजे उचल कुणी कुणाची केली हे दोन्ही बाजूंनी विचारावं लागेल.

शेजाऱ्याची छाप पडणारच. बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरी अग्निरथात बसून वर जाणाऱ्या एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची तसबीर असते, आपल्याकडे देवादिकांच्या असतात तशीच. आणि १८७४ला पुण्यात एक हागादा छापली गेली, हिब्रूसोबत मराठीत. तिच्यातही चित्रं आहेत. वल्हांडणाच्या मात्झा करणाऱ्या त्या चित्रातल्या बायका लुगड्यांत आहेत.