सरचूला मुक्काम करू नका, दादा

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री उशिरा वाचली. उत्तर सकाळी देऊ म्हणून फोन बाजूला ठेवला, पण तुमच्या शेवटच्या ओळीने झोप लागू दिली नाही. म्हणून पहाटेच लिहायला बसले आहे. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा एवढी विनंती.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पुण्याहून लेहला स्वतःच्या गाडीने जायचं आमचं वेळापत्रक मी मागच्या महिन्यात इथे दिलं होतं. जाताना श्रीनगरमार्गे ९ दिवस, लेहला २ दिवस पूर्ण विश्रांती, येताना मनालीमार्गे ७ दिवस, एकूण १८. त्यावर या दादांनी लिहिलंय की एवढं मोजूनमापून गेलं तर प्रवासातली मजाच संपते. रस्ते आता मक्खन झालेत, पुणे ते जयपूर ते एका दमात मारतात. सगळी हॉटेलं आधी बुक करा असं सांगून मी लोकांना बांधून टाकते. आणि १८ दिवस रजा नोकरदाराला देतं कोण? शेवटी त्यांचा स्वतःचा बेत आहे: जूनमध्ये ७१ वर्षांच्या वडिलांना घेऊन निघायचं, मनालीमार्गे, चौथ्या रात्री सरचू (मनाली–लेह रस्त्यावरचा तंबूंचा मुक्काम), पाचव्या दिवशी लेह. "बघा, होतं का नाही."

दादा, बाकी सगळ्यावर आपण निवांत वाद घालू. आधी सरचू.

मनाली समुद्रसपाटीपासून साधारण २,०५० मीटरवर आहे आणि सरचू ४,२९० मीटरवर. म्हणजे सकाळी जिथे उठलात त्याच्यापेक्षा सव्वादोन हजार मीटर वर तुम्ही त्याच रात्री झोपणार. डॉक्टर सांगतात की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दिवसा एखादी खिंड ओलांडून खाली उतरलात तर शरीर बऱ्याचदा सोसतं. रात्र कुठे काढता यावर खरं अवलंबून असतं.

आम्ही २०१८ मध्ये नेमकं हेच केलं होतं. तेव्हा अटल बोगदा नव्हता, रोहतांग खिंड ओलांडून जावं लागायचं. आम्ही पहाटे अडीचला मनाली सोडलं आणि दिवस मावळताना सरचूच्या तंबूत पोचलो. माझा धाकटा दीर तेव्हा ३४ वर्षांचा, दर रविवारी सिंहगड चढणारा. जेवणाला नको म्हणाला, डोकं दुखतंय म्हणाला. आम्हाला वाटलं, दमला असेल. रात्री दोनच्या सुमाराला बाहेर जायचं म्हणून तो उठला आणि बुटाची नाडी बांधायला बसला. मी बॅटरी धरली होती. त्याने एक फास केला, दुसरा केला, दोन्ही हातांत धरले आणि तसाच बघत राहिला. पुढे काय करायचं ते त्याला आठवेना. मग उभा राहिला आणि दोन पावलांत तंबूच्या दोरीवर कलंडला. डोकेदुखी, त्यात असा गोंधळ आणि पायांत तोल नाही, म्हणजे मेंदूला सूज येऊ लागल्याची लक्षणं. हे मला नंतर कळलं. त्या रात्री एवढंच कळत होतं की याला खाली न्यायला हवं.

आणि सरचूचा सापळा इथेच आहे. तिथून खाली जायला आधी वर जावं लागतं. मनालीच्या बाजूला ४,८९० मीटरवरची बारालाचा खिंड. लेहच्या बाजूला गाटा लूप्सची वळणं, नकी ला ('ला' म्हणजे खिंड), मग ५,००० मीटरच्याही वरचा लाचुंग ला. मध्ये दवाखाना असलेलं गाव नाही. कॅम्पवाल्याकडे ऑक्सिजनचा एक सिलिंडर होता, तो लावून उजाडेपर्यंत काढलं आणि दिसायला लागताच बारालाचा ओलांडून जिस्पाला उतरलो. जिस्पा सुमारे ३,२०० मीटरवर. दुपारी चारला दीर स्वतःहून चहा मागायला लागला तेव्हा सासूबाईंना मी पहिल्यांदा फोन केला. आधी करायची हिंमतच झाली नव्हती.

आता तुम्ही म्हणता तो रस्ता सुधारल्याचा मुद्दा घ्या. अगदी खरं आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांगचे काही तास वाचले. पण पूर्वी रोहतांग ओलांडून माणूस एवढा पिचायचा की बरेच जण आपसूक केलाँगला मुक्काम करायचे. केलाँग ३,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे नकळत शरीराला एक रात्र मिळायची. आता दुपारी तीनला सरचू गाठता येतं, आणि येतं म्हणून लोक गाठतात. गाडीचा वेग वाढला. फुप्फुसं आहेत तीच आहेत.

श्रीनगरच्या बाजूने चढ हळू येतो. श्रीनगर १,५८५ मीटर, दुसऱ्या दिवशी कारगिल सुमारे २,७००, तिसऱ्या दिवशी लेह ३,५००. वाटेत झोजी ला आणि ४,१०८ मीटरचा फोटू ला लागतात, पण दोन्ही दिवसाउजेडी ओलांडायचे आणि खाली येऊन झोपायचं. माझं जातानाचं वेळापत्रक लांबतं ते या बाजूने जायचं म्हणून. परतीला मनालीचा रस्ता चालतो, कारण तोवर शरीर सरावलेलं असतं.

पुणे–जयपूर एका दमात. दादा, आम्हीही मारलंय, २०२२ मध्ये. साधारण साडेअकराशे किलोमीटर. भिलवाड्याच्या पुढे पहाटे चारच्या सुमाराला नवरा चालवत होता, मी शेजारी झोपले होते. करकचून ब्रेक लागला म्हणून डोळे उघडले तर समोर कडब्याने भरलेली ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आमच्या बॉनेटपासून हातभर अंतरावर. पुढच्या ढाब्यावर थांबलो. मी फोन पाहिला तर फास्टॅगचा मेसेज, बावीस मिनिटांपूर्वी टोल कापल्याचा. मी सहज म्हटलं, "टोलला रांग नव्हती वाटतं." तो माझ्याकडे बघत राहिला. "टोलनाका कुठे लागला?" त्याला तो आठवतच नव्हता. गाडी हळू केली होती, फाटक उघडलं होतं, पुन्हा वेग घेतला होता, आणि त्यातलं काहीही डोक्यात नव्हतं. डोळे उघडे होते, माणूस झोपलेला होता.

तेव्हापासून अंधारात आम्ही गाडी चालवत नाही. दिवस किलोमीटरमध्ये मोजणंही सोडलं, तासांत मोजतो. चहापाणी, जेवण, पंप धरून चांगल्या हायवेलाही आमची सरासरी ताशी ५५ पडते, घाटात २५–३०. म्हणून पहिला दिवस वडोदरा, दुसरा उदयपूर, तिसरा जयपूर. जयपूरच्या पुढे दिल्लीला शिवायचंच नाही. कोटपुतलीहून नारनौलकडे वळायचं आणि १५२डी या नव्या महामार्गाने सरळ अंबाल्याच्या बाजूला निघायचं. इथे मात्र नवा रस्ता खरोखर कामाला येतो, दिल्लीच्या गर्दीतला अर्धा दिवस वाचतो.

हॉटेलांच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. मूळ लेखात मी ते आज बदलते आहे. जम्मू–श्रीनगर रस्त्यावर रामबन–बनिहाल पट्ट्यात दरड कोसळली की रस्ता कधी सुटेल ते कुणी सांगू शकत नाही. गेल्या खेपेला आम्ही तिथे सात तास एका ट्रकमागे उभे होतो. एक दिवस घसरला आणि पुढची पाचही बुकिंगं कोलमडली, तीन ठिकाणचे पैसे गेले. पैशांपेक्षा वाईट म्हणजे, बुकिंग आहे म्हणून माणूस अंधारात गाडी रेटतो. तेव्हा जम्मूपर्यंत काहीच बुक करू नका. दुपारी जेवताना रात्रीचं गाव ठरवा आणि फोन करा. श्रीनगरपासून पुढे रद्द करता येईल असंच घ्या, आणि एक दिवस कोरा ठेवा.

मूळ लेखातल्या गाडीच्या सामानाच्या यादीने घाबरायला होतं असंही तुम्ही लिहिलंय. खरंय, फ्यूज आणि बेल्टची ती लांबलचक यादी निम्मी करता येईल. टायर मात्र सोडू नका. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ३४१९ असेल तर २०१९ सालातल्या ३४व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी एवढा जुना टायर घेऊन घाटात जाऊ नका, आणि स्टेपनीचेही आकडे वाचा, ती सगळ्यात जुनी निघते. पुण्यात ३३ भरलेली हवा लेहला तेवढ्याच तापमानाला ३७च्या आसपास दिसेल, कारण बाहेरचा दाब कमी झालेला असतो. घाबरून सोडत बसू नका. उतारावर ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक तापू देऊ नका. आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर, लडाखमध्ये चालत नाही, निदान एक फोन पोस्टपेड हवा.

आता रजा. हा मुद्दा मला लागला, कारण तो खरा आहे. मी घरून काम करते, नवऱ्याला साठलेली रजा मिळाली, म्हणून १८ दिवस जमले. लेखात मी ते गृहीत धरायला नको होतं. तुमच्याकडे १४ दिवस आहेत आणि भाऊही येतोय असं तुम्ही लिहिलंय. मग एक करा, जे आम्ही नणंदेबरोबर केलं. गाडी एक, कुटुंबं दोन. तुम्ही गाडी घेऊन वर जा: सहा दिवस श्रीनगर, एक दिवस कोरा, दोन दिवसांत लेह, दोन दिवस लेहला, बाराव्या दिवशी विमानाने घरी. भावाने तुम्ही लेहहून निघायच्या दोन दिवस आधी विमानाने लेहला यावं. थेट ३,५०० मीटरवर उतरल्यावर पहिले दोन दिवस त्याने खोलीतच काढावेत, मग गाडी घेऊन मनालीमार्गे सात दिवसांत पुणे. दोघांचेही १४च्या आत बसतात.

आणि हे सगळं नकोच असेल तर लेह पुढच्या वर्षावर टाका आणि डिसेंबरात पनवेलहून ६६ नंबरचा महामार्ग धरून समुद्राकाठाने कन्याकुमारी करा. सोळाशे किलोमीटर, उंचीची भानगड नाही, ७१व्या वर्षी वडिलांना सगळ्यात सोसेल असा हाच.

लेहच करायचं ठरलं तर वडिलांना पहिले सहा दिवस गाडीत बसवू नका. त्यांना विमानाने श्रीनगरला बोलवा, तिथून कारगिल आणि लेह ते तुमच्याबरोबर करतील. झोजी ला, द्रास, लामायुरू, म्हणजे बघण्यासारखं बहुतेक सगळं त्याच दोन दिवसांत आहे. परत तुमच्याबरोबर विमानाने. निघण्याच्या महिनाभर आधी त्यांच्या डॉक्टरांना भेटून दोन प्रश्न विचारा: या वयात, यांच्या हृदयाला आणि बीपीला ३,५०० मीटर चालेल का, आणि उंचीचा त्रास टाळायचं औषध ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, द्यायचं का आणि किती. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. दुकानातून परस्पर घेऊन देऊ नका.

वाटेत रोज रात्री जेवताना त्यांच्याकडे लक्ष ठेवा. जेवण नको म्हणाले, डोकं दुखतंय म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी वर जायचं नाही. सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर रात्र असली तरी खाली. आणि त्यांच्या बीपीच्या गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, एक पट्टी तुमच्या बॅगेत, एक त्यांच्या शर्टाच्या खिशात. डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवू नका, उन्हात तो फार तापतो.

तारीख पक्की झाली की इथेच कळवा. तुम्ही लेहला पोचल्याचं कळेपर्यंत मला चैन पडणार नाही.