गाडी कशाने धुवावी यापेक्षा हात लावण्याआधी किती धूळ निघते, हे महत्त्वाचे

गाडीची सर्वाधिक निगा राखणाऱ्यांच्याच गाड्यांवर पुष्कळदा सर्वाधिक चरे दिसतात आणि त्याचे कारण बहुतेक वेळा रोज सकाळी बॉनेटवरून फिरणारा कोरडा फडका हेच असते. धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि वाळूतील क्वार्ट्झ या खनिजाची कठीणता 1 ते 10 च्या मोहस मापनश्रेणीवर 7 इतकी आहे. याउलट रंगाचे रक्षण करणारा सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारणपणे 40 ते 50 मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. फडक्याखाली सापडलेले कण या थरावर घासले जातात आणि काही महिन्यांतच गडद रंगाच्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे चमकू लागतात. हे चरे प्रत्यक्षात सर्व दिशांना पसरलेले असतात; सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती योग्य कोनात असलेलेच तेवढे उजळतात, म्हणून ते गोलाकार भासतात. पुसणाऱ्याने हात गोल फिरवला नसला तरीही.

त्यामुळे धुण्याची पद्धत निवडताना कोणता शाम्पू भारी, या चर्चेत मला फारसा रस वाटत नाही. रंगाला हात लागण्यापूर्वी किती धूळ निघून जाते, या एकाच कसोटीवर मी प्रत्येक पद्धत तोलतो.

गाडीवर चिखल किंवा धुळीचे जाड पुट असेल, तर भरपूर पाण्याला पर्याय नाही. आधी नुसत्या पाण्याचा फवारा मारावा, मग जमल्यास फोम फवारून तो काही मिनिटे मुरू द्यावा आणि सुकण्याआधी धुऊन टाकावा. एवढ्यानेच बरीचशी सुटी माती हात न लावता निघून जाते. त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग धुवावा, मग तो साध्या पाण्यात खळबळून पुन्हा शाम्पूत बुडवावा. थोड्याच वेळात साध्या पाण्याच्या बादलीत तळाशी गाळ साचलेला दिसतो आणि एकच बादली वापरली असती तर हाच गाळ पुन्हा रंगावर गेला असता, हे वेगळे सांगावे लागत नाही. टपापासून सुरुवात करून खाली यावे, कारण दरवाज्यांचा खालचा भाग आणि बंपर सर्वांत मळके असतात. चाकांसाठी मात्र वेगळी बादली आणि वेगळा फडकाच हवा, कारण ब्रेकच्या झिजेतून निघणारी धातूची भुकटी तिथे असते.

पाणी कमी असेल आणि गाडीवर केवळ हलकी धूळ असेल, तर रिन्सलेस, म्हणजे शेवटी पाण्याने धुऊन काढावी न लागणारी पद्धत मला मनापासून पटते. यात एका बादलीभर पाण्यात बाटलीवर दिलेल्या प्रमाणात द्रावण मिसळतात. त्यातील घटक धुळीचे कण भिजवून वेढतात आणि पुसताना वंगणाचे काम करतात. मात्र त्यासाठी मायक्रोफायबरचे बरेच फडके लागतात. घडी घातलेल्या फडक्याची एक बाजू मळली की दुसरी वापरायची, आणि मळलेला फडका पुन्हा बादलीत बुडवायचा नाही. चिखलाने माखलेल्या गाडीवर हीच पद्धत वापरणे म्हणजे चरे ओढवून घेणे आहे. स्प्रे मारून पुसायच्या वॉटरलेस द्रावणांवर माझा विश्वास याहून कमी आहे, कारण तिथे धूळ भिजवायला पाणीच नगण्य असते. पक्ष्याच्या ताज्या विष्ठेपुरते ते ठीक; तीही घासू नये, ओला फडका त्यावर काही मिनिटे ठेवून मग अलगद उचलावी. उन्हात ती राहू दिली तर क्लिअर कोटवर कायमचा डाग पडू शकतो.

फिरत्या ब्रशचे स्वयंचलित यंत्र मी टाळतो, कारण आधीच्या गाडीची माती त्याच ब्रशमध्ये असू शकते. ब्रशविना धुणारी यंत्रे त्यापेक्षा बरी असली, तरी हाताचा स्पर्श नसल्याची भरपाई बहुधा तीव्र रसायनांनी केली जाते आणि त्यांमुळे रंगावर लावलेला वॅक्सचा संरक्षक थर लवकर उतरतो. प्रेशर वॉशर उपयुक्त आहे, पण अरुंद धारेचे नोझल फार जवळ धरल्यास रंगाचे सुटू लागलेले पापुद्रे उखडतात, विशेषतः नव्याने रंगवलेल्या भागावर. म्हणून रुंद फवारा आणि साधारण फूटभर अंतर राखलेले बरे. भांडी घासायच्या साबणाने रंग लगेच खराब होतो, ही भीती अतिरंजित आहे. तो वॅक्स मात्र उतरवतो, एवढे कारण तो टाळायला मला पुरते.

वाळवणे हा धुण्याचाच भाग आहे आणि नेमके तेच उरकून टाकले जाते. जड, म्हणजे क्षारयुक्त पाणी उन्हात आपोआप सुकू दिले, तर त्यातील कॅल्शियमचे पांढरे ठिपके मागे राहतात, म्हणून गाडी सावलीत, बॉनेट थंड झाल्यावरच धुवावी. जाड मायक्रोफायबर टॉवेल पृष्ठभागावर पसरून हलकेच दाबला की पाणी शोषले जाते, घासावे लागत नाही. हे टॉवेल धुताना कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये, कारण त्याचा थर तंतूंवर बसून त्यांची शोषणक्षमता घटते. आणि जमिनीवर पडलेला टॉवेल पुन्हा धुतल्याशिवाय रंगाला लावू नये.