५२ कोटींचं केळं: फॉरवर्डमध्ये काय काय चुकलंय

ते केळ्याचं फॉरवर्ड परत फिरायला लागलंय. मजकूर थोडाफार बदलतो पण मुद्दे तेच. इटलीतल्या कुठल्याशा माणसाने भिंतीवर टेपने केळं चिकटवलं आणि एका रात्रीत ५२ कोटी कमावले, कला नाही की मेहनत नाही, नुसतं नशीब, केळं आठ दिवसांत सडलं म्हणजे घेणाऱ्याचे पैसे पाण्यात, आणि इकडे आपले मूर्तिकार उपाशी. त्या माणसाला नाव आहे, माउरित्सिओ कातेलान. तो आवडलाच पाहिजे असं माझं अजिबात म्हणणं नाही, त्याची निम्मी कामं बघून माझंही डोकं फिरतं, पण शिव्या घालायच्याच तर निदान खऱ्या गोष्टींवरून घाला ना.

आधी ते ५२ कोटी, कारण सगळ्यात मोठी थाप तीच आहे. हे काम, नाव 'कॉमेडियन', पहिल्यांदा विकायला आलं डिसेंबर २०१९ मध्ये, मायामीच्या आर्ट बाझल मेळ्यात, किंमत १ लाख २० हजार डॉलर, आणि विकायच्या प्रती होत्या तीन. नोव्हेंबर २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात ६२ लाख डॉलरला (तेच आपले ५२ कोटी) गेली ती त्यातलीच एक, आणि ती विकायला काढली होती आधी घेऊन ठेवलेल्या मालकाने. बोली थांबली ५२ लाख डॉलरवर, वरचे दहाएक लाख डॉलर सदबीजची फी. अमेरिकेत एकदा विकलेलं शिल्प पुन्हा विकलं गेलं तर कलाकाराला कायद्याने त्यातला हिस्सा मिळत नाही. त्या दिवशी लावलेलं केळं सदबीजच्या बाहेरच्या फळवाल्याकडून ३५ सेंटला आणलेलं, म्हणजे त्या लिलावात फळवाल्याला निदान ३५ सेंट तरी सुटले, कातेलानचा त्या रकमेवर काही हक्कच नव्हता!

'केळं सडलं, पैसे बुडाले' हे तर वाचतानाच हसू येतं. केळं विकलंच नव्हतं हो. विकलं जातं ते सर्टिफिकेट आणि लावायच्या सूचना, जमिनीपासून १७५ सेंटीमीटरवर वगैरे, आणि केळं खराब झालं की नवीन लावायचं. शेतात यंदा कापूस आहे की तूर, त्याने मालक बदलत नाही, सातबारा ज्याच्या नावावर त्याचं शेत, तसंच आहे हे. मायामीत एका परफॉर्मन्स आर्टिस्टने ते केळं भिंतीवरून काढून खाल्लं, दुसरं लावलं. २०२३ मध्ये सोलच्या म्युझियममध्ये एका विद्यार्थ्याने भूक लागली म्हणून खाल्लं आणि साल परत टेपला चिकटवून ठेवली, त्यांनीही दुसरं लावलं. आणि ज्याने ५२ कोटी मोजले त्या क्रिप्टोवाल्या जस्टिन सनने हाँगकाँगला पत्रकारांसमोर स्वतःच खाऊन टाकलं. 'काळा पैसा पांढरा केला' म्हणणाऱ्यांनी एवढाच विचार करावा की लपवाछपवी करणारा माणूस कॅमेरे बोलावून केळं कशाला खाईल.

आता 'एका रात्रीत' आणि 'नशीब'. कातेलान १९६० चा, पादुआचा, वडील ट्रक चालवायचे, आई साफसफाईची कामं करायची. आर्ट स्कूलला तो गेला नाही हे खरंय, पण शवागारापर्यंत मिळेल ती कामं करून झाल्यावर हा इकडे वळला. १९८९ ला बोलोन्यात पहिलं स्वतंत्र प्रदर्शन, लोक आले तर दाराला कुलूप आणि पाटी, 'आत्ता येतो'. १९९१ ला त्याने भलंमोठं लांबलचक टेबल फुटबॉल बनवलं, दोन्हीकडून अकरा-अकरा खेळाडू दांडे फिरवतील असं, आणि एका बाजूला इटालियन तर दुसऱ्या बाजूला सेनेगलहून आलेले कामगार उभे केले, तेही इटलीत स्थलांतरितांवरून वातावरण तापायला लागलेलं तेव्हा. १९९३ ला व्हेनिस बिएनाले या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात मिळालेली जागा सरळ जाहिरात कंपनीला भाड्याने दिली, त्यांनी तिथे परफ्यूमची जाहिरात लावली.

आणि टेप! १९९९ मध्ये मिलानला त्याने स्वतःच्या गॅलरीवाल्याला, मास्सिमो दे कार्लोला, भिंतीवर टेपने चिकटवलं. अख्खा माणूस, पाय अधांतरी, अंगावर टेपच्या पट्ट्यांवर पट्ट्या. केळ्याच्या वीस वर्षं आधी. कला विकणाऱ्यालाच विकायच्या मालासारखं भिंतीवर लटकवलं होतं त्याने, त्यामुळे २०१९ ला मेळ्यात तोच टेप परत दिसला तेव्हा ज्यांना हे माहीत होतं त्यांना विनोद कोणावर आहे ते लगेच कळलं.

१९९९ मध्येच त्याने उल्का अंगावर पडून कोसळलेला पोप केला, वॉर्सात तो मांडल्यावर पोलंडच्या खासदारांनी जाऊन ती उल्का हलवली एवढा राडा झाला (आणि २०२४ ला व्हेनिसच्या बायकांच्या तुरुंगात व्हॅटिकनने स्वतः प्रदर्शन भरवलं त्यात हाच कातेलान होता, तिथल्या चॅपलच्या भिंतीवर त्याने प्रचंड मोठे अनवाणी तळवे रंगवले). २००१ चं 'हिम' घ्या. मागून बघितलं तर शाळकरी मुलगा गुडघे टेकून प्रार्थना करतोय असं वाटतं, वळसा घालून पुढे गेलं की चेहरा हिटलरचा. ते २०१६ ला क्रिस्टीजच्या लिलावात १ कोटी ७२ लाख डॉलरला गेलं, केळ्याच्या जवळपास तिप्पट. तेव्हा फॉरवर्ड आलेलं आठवत नाही. २०११ ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने त्याची तोवरची जवळपास सगळी कामं मधल्या गोल पोकळीत दोरांनी टांगली, १२८ कामं. याला नशीब म्हणायचं असेल तर म्हणा.

राहिला मूर्तिकारांचा मुद्दा, आणि इथे फॉरवर्डवाले खऱ्या गोष्टीच्या जवळ येऊन चुकतात. कातेलान हाताने मूर्ती घडवत नाही. तो पोप आणि तो हिटलर मेणात घडवले दानिएल द्रुए नावाच्या फ्रेंच शिल्पकाराने, पॅरिसच्या ग्रेवां म्युझियमसाठी मेणाचे पुतळे करणारा हाडाचा कारागीर. त्याने पुढे दावा लावला, शिल्पं माझीही आहेत, माझं नाव लागलं पाहिजे, आणि जवळपास ५० लाख युरो मागितले. २०२२ ला पॅरिसच्या कोर्टाने फेटाळला, का तर त्याने खटला कातेलानच्या गॅलरीवर आणि ती कामं मांडणाऱ्या म्युझियमवर भरला, कातेलानवर नाही. म्हणजे शिल्प नक्की कोणाचं, सुचलं त्याचं की घडवलं त्याचं, या प्रश्नाला कोर्टाने हातच घातला नाही. माझ्या मते द्रुएचं नाव निदान पाटीवर तरी यायला हवं होतं. भांडायला एवढा चांगला मुद्दा असताना लोक अजून केळ्यावरच अडलेत.