बघून चालायचं कुठं, ते सांगा आधी

खुब्याचं हाड मोडून मावशी पलंगावर पडलीय आणि भेटायला येणारा जो तो पहिलं हेच विचारायलाय की अंधाराचं कशाला गेली, बघून चालायचं ना. डोकंच फिरतं राव. ज्यानं रोडच्या कडंला खड्डा खांदला, त्याच्यावर सडक्या प्लायचा तुकडा टाकला, ना पट्टी बांधली ना दिवा लावला, त्याला कुणी एका शब्दानं विचारेना. आणि गिरणीतून दळण घेऊन घरी येणारी बाई मात्र सगळ्यांची गुन्हेगार! प्लाय मोडला, पाय आत गेला, ज्वारीचं सगळं पीठ चिखलात, आणि ती तिथंच बसून हाका मारायली. बाजूच्या इमारतीचं बांधकाम चाललंय, त्या साईटवरचा वॉचमन आला तो आधी प्लाय सरळ करायला, मग हिच्याकडं बघायला.

फुटपाथ तर कवाच गेलेला. इकडं खडी, तिकडं वाळू, मधी सळया आडव्या टाकलेल्या, त्यांची टोकं बरोबर लहान लेकराच्या डोळ्याच्या उंचीला. वरून सेंट्रिंगच्या फळ्या खिळ्यांसकट खाली फेकायलेत, हिरवी जाळी आहे पण ती वर गुंडाळून ठेवलेली, खाली काही पडलं तर अडवणार काय? मग चालायचं कुठून, टमटम न् ट्रॅक्टरच्या मधून? शाळा सुटली की लेकरं तिथूनच जातात. लातूर घ्या, नांदेड घ्या, परभणी घ्या, नव्या इमारतीसमोरून पायी जाऊन बघा एकदा.

विचारायला गेलो तर बिल्डर म्हणतो खड्डा ड्रेनेजच्या गुत्तेदाराचा. गुत्तेदार म्हणतो मी काम दुसऱ्याला दिलेलं, त्याचा मुकादम फोन उचलेना. पालिकेतले साहेब म्हणतात परवानगी आमची आहे पण सुरक्षेची जबाबदारी काम करणाऱ्याची. पोलिसांत गेलो तर म्हणे तक्रार नेमकी कुणाविरुद्ध लिहू, नाव सांगा. अहो साहेब, ते नाव शोधायचं काम तुमचं आहे, माझ्या मावशीचं नाही! आणि पहिला सल्ला काय तर मिटवून घ्या आपसात.

आणि कायदा नाही असं अजिबात नाही. मे 2025 मधी सुप्रीम कोर्टानं सांगितलं की चालायला नीट फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम 21 खालचा हक्क आहे, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग. भारतीय न्याय संहितेत कलम 125 आहे, निष्काळजीपणानं कुणाचं हाड मोडलं तर ती गंभीर दुखापत धरतात आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सार्वजनिक रस्त्यात धोका किंवा अडथळा केला तर कलम 285, बांधकाम पडून जीव जाऊ नये म्हणून काळजी घेतली नाही तर कलम 290. पण 285 चा दंड किती? जास्तीत जास्त 5,000 रुपये! कोट्यवधीचे फ्लॅट विकणाऱ्याला पाच हजार म्हणजे चहापाण्याचा खर्च, तो कशाला भीतोय. मावशीच्या ऑपरेशनला, प्लेटला, स्क्रूला किती गेले ते आमचं आम्हाला माहिती.

ऑक्टोबर 2025 मधी मुंबई हायकोर्टानं खड्ड्यात किंवा उघड्या मॅनहोलमधी पडून मेलेल्याच्या घरच्यांना 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख भरपाई द्या असा आदेश दिला, रस्त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेनं द्यायची. चांगला आदेश आहे, पण पालिकेतल्या खिडकीवर त्याचं नाव काढलं तर समोरचा माणूस आपल्यालाच विचारायलाय की कुठला आदेश. जबाबदारी ठरलेली आहे हो, ती घ्यायला कुणी पुढं येईना एवढंच.

मला एक साधी गोष्ट पाहिजे. साईटच्या बाहेर मोठा बोर्ड लावा, मालक कोण, गुत्तेदार कोण, परवानगी देणारा इंजिनिअर कोण, तिघांची नावं न् फोन नंबर, आणि माणूस पडला की त्या तिघांवर तक्रार घ्या, कुणाची चूक किती ते नंतर कोर्ट बघील. पडलेल्यानं दारोदार का फिरायचं?

आणि तुमच्या घरचं कुणी पडलं तर दवाखान्यात आधी एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची अपघाताची नोंद, करायला लावा, नाहीतर नंतर म्हणतात घरात घसरली असंल. फोटो त्याच रात्री काढा, खड्ड्याचे, प्लायचे, आजूबाजूच्या दुकानांसकट, म्हणजे जागा ओळखू येती. आमच्या इथं दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन पाट्या मुरूम टाकून खड्डा बुजवला आणि बिल्डर सरळ तोंडावर म्हणाला की इथं खड्डा नव्हताच. शेजारच्या पोरानं मोबाइलवर व्हिडिओ काढलेला होता म्हणून बरं, तो जोडून अर्ज दिलाय पोलिसांत आणि पालिकेत दोन्हीकडं, पोच शिक्का मारून घेतलाय. आता मिटवून घ्या म्हणणाऱ्यांनी आमच्या दारात येऊ नये.